त्रेसष्ट हसणारे

बेबीबाईचा तो व्हिडिओ अवघा एक मिनिट बारा सेकंदांचा होता. त्यात फार काही घडतही नव्हतं. खडकसावंगीच्या फाट्यावरचं तिचं टिनाचं दुकान, पोत्यावर मांडी घालून बसलेली बेबीबाई आणि समोर उघडी पाडलेली पाच एचपीची मोटर. मोटरीच्या खाचांमध्ये बांबूच्या पातळ पट्टीनं तांब्याची तार दाबत ती सांगत होती, "एक फेज गेला का मोटर गुरगुरते. तवाच बटन बंद करा. गुरगुरनं आइकून बी चालूच ठेवली, तं मंग या माह्याकडे." एवढ्यात मागून तिचा नवरा जानराव येतो. फडक्यात बांधलेली भाकर आणि भाजीची वाटी तिच्या बाजूला ठेवतो, "खाऊन घे वो, थंडी होऊन राह्यली," म्हणतो आणि कॅमेऱ्याकडे न पाहता निघून जातो. ती तार न सोडता मान हलवते. संपला व्हिडिओ.

काढला होता तिच्या पोरीनं, संस्कृतीनं. मालेगावच्या कॉलेजात (नाशिककडचं नव्हे, आपलं वाशीमचं मालेगाव) ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आईचं हे काम लोकांना दिसावं, दोन गिऱ्हाइकं वाढावीत, म्हणून तिनं सहा महिन्यांपासून 'बेबीबाई मोटरवाली' नावाचं पान चालवलं होतं. स्टार्टरचं काय बघावं, केबल कशी जोडावी, असले बारीकसारीक व्हिडिओ. दोन-तीनशे लोक बघायचे. हा मात्र तिसऱ्या दिवशी चार लाखांवर गेला आणि संस्कृतीनं मोबाइल उशीखाली लपवायला सुरुवात केली.

बेबीबाई काही जन्माची मोटरवाली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी यांच्या विहिरीवरची मोटर जळाली. लोक सांगत, तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम भरून देतात, नजर ठेवा. जानराव लग्नसराईत गुंतलेला. मग बेबीबाईच मोटर घेऊन मेडशीला गेली आणि बदरुद्दीन मिस्त्रीच्या दुकानासमोर दोन दिवस ठाण मांडून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "चाचा, त्या तिसऱ्या खाचेत एक येढा कमी हाय." म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, तार सोडली, मोजली. खरंच एक वेढा कमी होता. त्यानं तो वेढा भरला. मग म्हणाला, "बाई, माझी नजर आता दगा देते. उद्यापासून मोजायला तूच ये." ती गेली. मोजता मोजता भरायला शिकली. बदरुद्दीनचे हात कापायला लागले, तेव्हा त्यानं कॉइल गुंडाळायचं यंत्र तिच्या हवाली केलं. आज आजूबाजूच्या दहा गावांच्या मोटरी तिच्या टिनाखाली येतात.

आणि जानराव आचारी. अंगानं आडवा, बोलायला कमी. पाचशे माणसांचं वरण एका चुलाणावर उतरवणारा, डाळीला हात न लावता नुसत्या वासावरून मीठ सांगणारा. गावच्या दत्तजयंतीच्या भंडाऱ्याचे रोडगे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, वीस वर्षं त्याच्याच हातचे. घरात त्यांनी कधी वाटणी केली नव्हती. हरभऱ्या-गव्हाच्या दिवसांत मोटरी पटापट जळत, बेबीबाईला मान वर करायला फुरसत नसे, आणि तेव्हा लग्नं थोडी असत. मग चुलीपुढं जानराव. उन्हाळ्यात तो मांडवामांडवानं फिरे, तेव्हा चुलीपुढं बेबीबाई. ज्याचे हात रिकामे, त्यानं पीठ मळायचं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं दोघांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बेबीबाईला काहीतरी बिनसल्याचं कळलं ते जानरावावरूनच. तो दुकानात जेवण आणेनासा झाला. "तूच येत जा घरी," म्हणाला. ती घरी गेली, तर भर दुपारी दार लोटलेलं आणि आत धूर कोंडलेला. धुरात बसून तो भाकरी थापत होता.

"दार काहून लावलं? डोये फुटतीन ना धुरानं."

"कुत्रं शिरते," जानराव म्हणाला.

त्यांच्या गल्लीत कुत्रं नव्हतं. बेबीबाई पाटावर बसली. जेवली, हात धुतला, दुकानात येऊन संस्कृतीला हाक मारली.

"मोबाइल आन. त्या व्हिडिओखाली लोकाईनं काय लेहलं, वाचून दाखव."

"काही नाही आई. लोक कायबी लिहितात."

"तेच वाच. कायबी."

संस्कृतीनं आढेवेढे घेतले, पण आई हातातली मोटर सोडून तिच्याकडे बघत राहिली तेव्हा तिचा इलाज चालेना. ती वाचू लागली. आधी चांगलं चांगलं. "ताई, सलाम." "बाई असून एवढं काम करते, कौतुक आहे."

"हे 'बाई असून' म्हनजे काय?" बेबीबाईनं विचारलं. "हे चांगलं म्हनून लेहलं का वाईट म्हनून?"

"चांगलं म्हणूनच गं."

"बरं. फुढं."

पुढचं वाचताना संस्कृतीचा आवाज बसत गेला. बाईच्या हातात लाटणंच शोभते. हिनं भरलेली मोटर आठ दिवसांत जळते, लिहून घ्या. त्या नवऱ्याला कोणीतरी बांगड्या पाठवा रे. बायकोच्या पुढ्यात ताट ठेवणारा मर्द आज पहिल्यांदा पाहिला. अशा घरची पोरगी कोण करील, ती तर सासूलाच रांधायला लावेल. काही बेबीबाईच्या अंगाबद्दल होतं. ते संस्कृतीनं गाळलं. बेबीबाईला गाळल्याचं कळलं, कारण पोरीचे डोळे तेवढे ओळींवरून घसरले.

"गावातलं काय हाय?"

"गावातलं काही नाही."

"मंग तुहे बाबा दार काहून लावतात? पुण्याचे लोक अथी येऊन पायतात का?"

तेव्हा संस्कृतीनं बाबांच्या मोबाइलवरून उतरवून घेतलेलं, गावाच्या ग्रुपवरचं चित्र उघडलं. 'समस्त गावकरी खडकसावंगी', चारशे दहा माणसं. जानरावाचा चेहरा व्हिडिओतून कापून एका लुगडं नेसलेल्या बाईच्या धडावर चिकटवलेला. कपाळाला कुंकू, हातभर बांगड्या, हातात लाटणं. खाली लिहिलेलं: 'जानकाबाई आचारीण. भाकरी घरपोच मिळतील. मालकीण मोटरीवर गेली आहे.' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. संस्कृतीनं मोजले होते. त्रेसष्ट.

"हे कोनं टाकलं?"

"लखननं. गोजराकाकूच्या."

बेबीबाईच्या हातातली बांबूची पट्टी कडकन मोडली. लखनच्या विहिरीची मोटर तिनं दिवाळीआधीच भरून दिली होती.

संस्कृती रडकुंडीला आली. "आई, मी काढूनच टाकते तो व्हिडिओ. मामाचा दोनदा फोन आला. माझ्यासाठी त्यांनी बघितलेल्या कामरगावच्या स्थळानं त्यांनाच तो पाठवला म्हणे. काढा म्हणतात लवकर."

"काढू नोको."

"पण बाबांना..."

"तुह्या बाबानं काय चोरी केली का? काढला तं मानसं म्हनतीन, पाहा, लाजले. मी लाजली नाई."

संध्याकाळी हाच विषय जानरावाशी निघाला, आणि तिथं मात्र तिचं काही चाललं नाही. तो ओट्यावर बसला होता. तिनं सगळं पाहिल्याचं सांगितलं.

"काढून टाका म्हनाव पोरीले," तो म्हणाला.

"काहून?"

"काहून म्हंजे? रिसोडच्या लग्नाचं काम गेलं माहं. पोरीचा बाप म्हने, जानरावभाऊ, नवरदेवाचे दोस्त लय टारगट हायेत, मांडवात तुमाले पाहून हासतीन." तो तिच्याकडे वळला. "बेबे, मी वीस वर्सं झाली हजार-हजार मानसाईचं रांधतो. पाटावर बसून मोठमोठे लोक खातात. कोनी हासलं नाई. अन् घरच्या दोन भाकरी थापल्या तं मी बाई झालो. हे मले समजूनच नाई राह्यलं."

बेबीबाईलाही ते समजत नव्हतं. पण त्याचा असा पडलेला आवाज तिनं चोवीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि त्या आवाजाचा तिला भयंकर राग आला. त्याचा नव्हे, ज्यांनी तो पाडला त्यांचा.

दोन दिवसांनी दौलतराव दुकानावर आले. गावचे जुने पुढारी, दत्ताच्या भंडाऱ्याच्या समितीचे अध्यक्ष. पांढरं धोतर सावरत त्यांनी आधी मोटरींची चौकशी केली, लाइटीला शिव्या घातल्या आणि मग हळूच मुद्द्यावर आले.

"वहिनी, यंदा म्हटलं जानरावाले जरा आराम देऊ. रोडग्याले मेडशीचा मानूस पाह्यला हाय."

"काहून? तब्बेत चांगली हाय त्याईची."

"तब्बेतीचं नाई वो. पोट्टे टिंगल करून राह्यले. पंगतीत कोनी काही बोललं, भांडन झालं, तं देवाच्या कामात इघ्न. चार दिवस जाऊ द्या, लोक इसरतीन. तुमी बी तो व्हिडिओ..."

"टिंगल करनारे कोन हायेत, भाऊ?"

"आता नावं कायले घ्याची? पोट्टेच ते."

"टिंगल त्याईनं कराची अन् आराम याईनं घ्याचा?"

दौलतरावांनी हसण्यावारी नेलं. "तुमी तं बाप्पा लय फाड-फाड बोलता," म्हणत ते उठले.

त्या दिवसापासून तीन दुपारी बेबीबाईनं मोटरी बाजूला सारल्या. संस्कृतीची एक कोरी वही घेतली आणि मोबाइल समोर ठेवून त्यातलं एकेक वाक्य उतरवू लागली. सातवीपर्यंतचं शिक्षण, अक्षर मोठं मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं. जोडाक्षराला ती जीभ दातात धरायची.

"आई, स्क्रीनशॉट काढून देते ना. लिहिते कशाला?"

"मोबाइलातलं कोनी बी पुसते. अन् मले वाचताना अडखळाचं नाई."

शेवटच्या दोन पानांवर तिनं त्रेसष्ट नावं लिहिली. नंबरावरून संस्कृतीनं ओळखून दिली. त्यात शाळेतला शिक्षक होता, किराणावाला होता, समितीतले चौघं होते. सख्खा चुलतदीरही होता.

गुरुवारी सकाळी दत्ताच्या देवळात आरतीनंतर समितीची बैठक होती. सभामंडपात सतरंजीवर पंधरा-वीस पुरुष, मागे खांबापाशी बायका भंडाऱ्याची डाळ निवडत बसलेल्या. बेबीबाई कपडे बदलूनही आली नव्हती. नखांत वार्निश, पदराला तारेची कुसळं. ती बायकांत न बसता सरळ सतरंजीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"या वहिनी," दौलतराव म्हणाले. "काही काम होतं का?"

"हो. वाचाचं होतं थोडं."

"आता बैठक..."

"भंडाऱ्याचंच हाय. रोडगे कोनं कराचे, त्याच्याबद्दल."

तिनं वही उघडली आणि वाचायला लागली. शाळेतल्या पोरीसारखी, एकेका शब्दावर बोट ठेवून, न थांबता, आवाज न चढवता. पहिली दोन वाक्यं झाली तेव्हा कोणी तरी फिसकन हसलं. चौथ्या वाक्याला हसू थांबलं. संस्कृतीनं त्या दिवशी जे गाळलं होतं, तेही बेबीबाईनं लिहून काढलं होतं. ते तिनं देवळात, दत्ताच्या समोर, जसंच्या तसं वाचलं. खांबापाशी डाळीचा आवाज बंद झाला. पुरुष सतरंजीचे धागे उपसायला लागले.

"वहिनी, पुरे," दौलतराव म्हणाले. "बायामानसं बसली हायेत."

"मी बी बाईमानूसच हाय, भाऊ. हे मलेच लेहलं हाय." तिनं पान उलटलं. "हे झालं बाहेरच्या लोकाईचं. त्याईची मोटर मी कवा भरली नाई, त्याईच्या घरच्या लग्नात आमच्या मानसानं रांधलं नाई. ते मले वळखत नाईत. त्याईचं जाऊ द्या. आता गावातलं आइका."

तिनं चित्राचं वर्णन केलं. लुगडं, कुंकू, बांगड्या. सगळं कोरडं, पंचनामा सांगावा तसं. मग ती थांबली.

"खालची ओळ मी नाई वाचत. ज्यानं लेहली तो अथीच हाय. त्यानंच वाचावी."

माना आपोआप लखनकडे वळल्या. चोविसाचा पोरगा, नुकतीच दाढी राखलेला, भिंतीला टेकून बसला होता. तो ताठ झाला.

"काकू, गंमत होती वो ते. ग्रुपवर चालतेच."

"मंग वाच ना गंमत. समद्याईले हासू दे. त्या ग्रुपवर बाया नाईत. त्याईले हासाले भेटलंच नाई."

"जाऊ द्या ना. चुकलं. माफी मांगतो."

"माफी नको मले. वाच."

वही तिनं त्याच्यापुढं धरली. लखन घेईना. मागून डाळीचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि गोजराबाई उठून उभी राहिली. लखनची आई. गुडघ्यानं अधू, खांबाचा आधार घेत.

"वाच लखन," ती म्हणाली. "तू काय लेहलं, मले बी आइकू दे. मले कुठी वाचता येते?"

लखननं वही घेतली. "जानकाबाई आचारीण," तो म्हणाला आणि खाकरला. "भाकरी... भाकरी घरपोच मिळतील. मालकीण..." पुढचं त्यानं ओठांतच वाचलं.

"आइकू नाई आलं," गोजराबाई म्हणाली.

"मालकीण मोटरीवर गेली आहे."

कोणी हसलं नाही. मोबाइलमध्ये त्रेसष्ट माणसं ज्या ओळीवर हसली होती, ती देवळात मोठ्यानं वाचल्यावर नुसती खुळचट वाटली. लखनची मान खाली गेली होती, पण गोजराबाईचं झालं नव्हतं.

"तू झाला तवा मी दीड महिना बाजेवर होती," ती म्हणाली. "अंगात ताप. माह्या सासूचा हात मोडला होता. तुह्या बापानं रांधलं मले. भाकरी केल्या, पेज केली, माहं लुगडं बी धुतलं. दार लावून कराचा, अन् मले शपथ घातली होती, कोनाले सांगू नको म्हने, लोक हासतीन. मानूस मेला तरी म्या कोनाले सांगतलं नाई. आज सांगून राह्यली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तो बी जानकाबाईच होता काय रे?"

लखन उठला आणि चपला हातात घेऊनच निघून गेला.

मागून जमनाबाई म्हणाली, "आमच्या घरचा तं पान्याचा गिलास बी हातानं घेत नाई. त्याले बी एखांदं चित्र काढून पाठवा कोनी." बायकांत खसखस पिकली. जमनाबाईचा नवरा सतरंजीवरच होता. त्यानं टोपी काढून झटकल्यासारखं केलं.

दौलतराव घसा साफ करून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. वहिनी, मंग तुमचं म्हननं काय?"

"माहं म्हननं हे, का रोडगे माहा मालकच करीन. अन् मळाले मानसं लागतात, ते दरसाल धुंडाळा लागतात. यंदा धुंडाळाचं काम नाई. हे त्रेसष्ट नावं हायेत." तिनं शेवटची दोन पानं फाडली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ज्याईले हासू आलं, त्याईनं सकाळी पाचले याचं अन् कणीक मळाची. ज्याले लाज वाटते, त्यानं येऊ नये. पन मंग पंगतीत बसून याईच्या हातचं खाऊ बी नये."

दौलतरावांनी यादीवरून नजर फिरवली. समितीतल्या चौघांची नावं बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, हो म्हणाले नाहीत, पण मेडशीच्या माणसाचं नावही पुन्हा काढलं नाही.

बेबीबाई ताठ मानेनं घरी आली, आणि घरी सगळं उलटं निघालं. बातमी तिच्या आधी पोचली होती. जानराव दारातच उभा होता.

"माहं ते चित्र तू देवळात सांगतलं?"

"सांगतलं."

"मले इचारलं? तोंड माहं, लुगडं माह्या अंगावर, अन् बैठक तू घेतली?"

देवळात तिला एकही शब्द कमी पडला नव्हता.

"चुकलं," ती म्हणाली. "पन इचारलं असतं तं तुमी नाई म्हनले असते."

"म्हनलोच असतो."

"मंग?"

तो आत निघून गेला. दोन दिवस त्यानं कामापुरतंही बोलणं टाकलं. बेबीबाईनं दुकानात एक मोटर भरली आणि वेढे चुकले म्हणून पुन्हा सोडली. असं तिच्या हातून बदरुद्दीनच्या दुकानातही झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचा खणखणाट ऐकून ती परसात गेली. जानरावानं माळ्यावरच्या मोठ्या पराती, झारे, उलथणी काढली होती आणि राखेनं घासत होता.

"किती नावं म्हनली तू?" त्यानं वर न बघता विचारलं.

"त्रेसष्ट."

"एवढे कायले लागते? तीस पुरे. बाकीचे मधामधात येतीन."

दत्तजयंतीच्या पहाटे थंडी मी म्हणत होती. देवळामागच्या मैदानात गोवऱ्यांचा लांबलचक थर रचून जानरावानं जाळ धरला. पाच वाजले तेव्हा तो आणि बेबीबाई दोघंच होती. सव्वापाचला गोजराबाई आली, पदर खोचून. "माहा लखन येत नाई," ती म्हणाली, "म्हनून मी आली." लखन चार दिवसांपासून घरी नीट बोलतही नव्हता. मग शाळेतला शिक्षक आला, मफलर तोंडावर ओढून. मग किराणावाला. मग तिघं-चौघं एकदम, एकमेकांना ढकलत. मग बेबीबाईचा चुलतदीर, जो तिच्याकडे बघायचं टाळत सरळ परातीकडे गेला.

"हात धुवा आधी," जानराव म्हणाला. "कोपरापरेंत."

यादीतले एकोणीस आले. चव्वेचाळीस आले नाहीत. त्यातले पुष्कळ दुपारी पंगतीत मात्र बसले, बेबीबाईनं पाहिलं, आणि त्यांच्या पानात वांग्याची भाजी वाढताना तिनं प्रत्येकाचं नाव घेऊन विचारलं, "अजून वाढू का?" त्यांनी मान वर केली नाही.

कणीक मळताना शिक्षकाच्या हाताला गोळा चिकटून बसला. त्यानं जोर लावला, तसा तो आणखीच चिकटला.

"ताकद नाई लावाची, गुर्जी," जानराव म्हणाला. "दम धराचा. थोडं पानी, मंग दम." त्यानं शेजारी बसून तळहातानं कणीक लोटून दाखवली. बोलता बोलता त्याचा आवाज पुन्हा त्याचा झाला, भरलेला, मांडवातला. बेबीबाई भाजीसाठी वांगी चिरत होती. तिनं तो ऐकला आणि वांग्यांवरच नजर ठेवली.

पंगत उठल्यावर दौलतराव दात कोरत म्हणाले, "जानराव, रोडगे यंदा थोडे कडक झाले."

"नवे हात होते, भाऊ," जानराव म्हणाला. "फुढच्या सालापरेंत नरम पडतीन."

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. कामरगावच्या स्थळानं नकार कळवला. मामा फोनवर बराच वेळ ओरडला, आणि संस्कृती अर्धा दिवस तोंड फिरवून पडून राहिली. तिला लग्न करायचंच नव्हतं, पण नको म्हणायचं ते तिनं म्हणायचं होतं, त्यांनी नव्हे. लखननं ग्रुप सोडला. फाट्यावरून जाताना तो गाडीचा वेग वाढवतो. पौषात त्याची मोटर पुन्हा जळाली, ती त्यानं रिसोडला नेली. बेबीबाईला वाईट वाटलं नाही, असं ती सांगते.

व्हिडिओ तसाच राहिला. तो फिरत फिरत कुठल्या कुठल्या गावांत पोचला आणि खाली रोज नवीन कोणीतरी बांगड्या पाठवत राहिलं. एक दिवस संस्कृती चिडून म्हणाली, "आई, आता मी एकेकाला सुनावते. सांग काय लिहू?"

बेबीबाईच्या तोंडात दोरा होता. कॉइलची गाठ मारून, दोरा तोडून ती म्हणाली, "लेह. मोटर जळाली तं या. दुकान सकाळी आठले उघडते. खडकसावंगी फाटा, मेडशीच्या फुढं."

"एवढंच? सगळ्यांना?"

"समद्याईले. शिव्या देल्या त्याले बी, सलाम केला त्याले बी."

संस्कृतीनं तसंच लिहिलं, दोनशेच्या वर माणसांना, एकाच मजकुरात. पुष्कळांनी आणखी शिव्या दिल्या. काही गप्प बसले. अकोल्याकडच्या एकानं, ज्यानं अगदी सुरुवातीला 'हिनं भरलेली मोटर आठ दिवसांत जळते' असं लिहिलं होतं, त्यानं खाली विचारलं, "साडेसातची सबमर्सिबल आहे. किती दिवसांत भरून मिळेल?"

संस्कृतीनं ते वाचून दाखवलं. बेबीबाईनं बाहेर रांगेत पडलेल्या मोटरींकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी हिशोब केला.

"चार दिवस," ती म्हणाली. "लाइन राह्यली तं तीन. अन् त्याले लेह, केबल संगं आन म्हना, लोक केबल घरीच इसरून येतात."